विचारेल त्याला

मुरुममध्ये कुणी एखादं घर विचारलं, तर नुसतं बोट दाखवून माणूस मोकळा होत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शरणप्पाचं किराणा दुकान आहे. तो गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून उठतो, चपला शोधतो आणि पाहुण्याला त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडतो. वाटेत त्या घरातलं कोण आजारी आहे, कुणाची सोयरीक मोडली, कोणाचं कोणाशी पटत नाही, हेही फुकटात कळतं. मी तुळजापूरची. आमच्याकडं बारा महिने यात्रेकरू पत्ते विचारत फिरतात, त्यामुळं कुणी मान वर करून बघत नाही. लग्न होऊन इथं आले तेव्हा मला या चालीचं फार हसू यायचं.

या बाबतीत सगळ्यांत पुढं माझी सासू शांताक्का. घरात तिला सगळे अव्वा म्हणतात. तिच्या गुडघ्यांना कुठलंच औषध लागू पडत नाही, पण पाहुण्याला स्टँडपर्यंत सोडायला जायचं म्हटलं की गुडघे आपोआप बरे होतात. बस हलेपर्यंत ती खिडकीशी उभी राहते आणि कंडक्टरलाही दोन सूचना देते. आता या सगळ्याचं मला हसू येत नाही. का येत नाही, तेच सांगते.

माझा नवरा शिवानंद गावात केबल आणि इंटरनेट चालवतो. धाराशिवची एक कंपनी जिल्हाभर लाइन पुरवते, तिच्याकडून आम्ही घेतो आणि घराघरांत पोचवतो. तेर असो की मुरुम, घराघरांतले वायफायचे डबे तिचेच, जाळं एकच. तक्रारी घ्यायला ऑफिसात मी बसते, कारण शिवानंदला शिव्या ऐकून घेता येतात पण उलट देता येत नाहीत. मला देता येतात. मालिका ऐन रंगात असताना लाइट गेली, तरी लोक आम्हालाच फोन करतात, आणि मीही त्यांना सोडत नाही.

निकिताला आमच्याकडं पाठवलं माझ्या मैत्रिणीनं, महेश्वरीनं. महेश्वरी धाराशिवला एका दवाखान्यात नर्स आहे. निकिता तिच्याकडं मनगट मोडून आली होती. पहिल्यांदा नव्हे. तेरच्या बाजूच्या एका खेड्यात तिचं सासर. नवरा रणधीर, तोही केबलच्याच धंद्यात, कंपनीचा लाइनमन. बाहेर गोड बोलणारा, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणारा. घरात हात उचलायला त्याला भाजीत मीठ कमी असलं तरी पुरायचं. निकितानं एकदा पोलिसांत जाऊन पाहिलं. तिथं दोन्हीकडच्यांना बसवून, समजूत घालून तिला परत नांदायला पाठवण्यात आलं. त्यानंतर एका दुपारी रणधीरनं तिला शेतातल्या विहिरीच्या काठावर उभं केलं आणि विचारलं, पुन्हा जाशील का पोलिसांत. ती नाही म्हणाली. पुढच्या वेळी तो विचारणारसुद्धा नाही, हे तिला तिथंच कळलं. महेश्वरीनं मला फोन केला तेव्हा एवढंच म्हणाली, तिला अशा ठिकाणी ठेव की तो पोचणार नाही.

आम्ही तिला वरची खोली दिली. गल्लीत सांगितलं, माझी मामेबहीण आहे, नवरा दुबईला असतो. गल्लीनं दुबईबद्दल चार प्रश्न विचारले, मी चार थापा मारल्या आणि विषय संपला. जवळच्या बालवाडीत तिला काम मिळालं. डावं मनगट वाकडं जुळलं होतं, तरी ती पोरांना एका हातानं उचलून घ्यायची. माझी मुलगी शिवगंगा पहिलीत होती, ती तर तिच्या पाठीलाच चिकटलेली असायची. आम्हाला जपायचं होतं ते एवढंच, ती कुठं आहे हे रणधीरला कळू द्यायचं नाही.

अव्वाला मी नीट बसवून सांगितलं होतं. उंच, मिशीवाला, गोड बोलणारा गडी आला आणि निकिताचं विचारलं, तर अशी कुणी इथं राहत नाही म्हणायचं. अव्वानं ते इतकं मनावर घेतलं की गादी पिंजणाऱ्याला, कुरिअरवाल्याला आणि मीटर बघायला आलेल्या माणसालाही तिनं दारातूनच पिटाळलं. त्या मीटरवाल्याला तर मिशीही नव्हती.

निकिताला आईबाप नव्हते. तेरला राहणाऱ्या मावशीनं तिला वाढवलं. मावशीच्या दोन्ही हातांवर कोड, म्हणून तिचं लग्न झालं नव्हतं. बहिणीची पोर तिनं पोटच्या पोरीसारखी सांभाळली होती. निकिता तिला फोन करत नसे. रणधीर सगळ्यांत आधी मावशीलाच दरडावणार, मग तिला ठाऊकच नसलेलं बरं, असं तिचं म्हणणं. कोडाचं तिनं मला एकटीला सांगितलं, केस विंचरताना. अव्वाला एवढंच माहीत होतं की पोरीला एक मावशी आहे आणि पोर तिच्या आठवणीनं जेवताना गप्प होते.

निकितानं जुनं सिम वाटेतच फेकून दिलं होतं, पण फोन तोच होता. नवीन सिमवर नेटपॅक मारायला ती मागंपुढं करायची. ते पाहून शिवानंद म्हणाला, केबलवाल्याच्या घरात राहून नेट विकत घ्यायचं म्हणजे आमची अब्रू जायची. त्यानं तिचा फोन घरच्या वायफायला जोडून दिला. कुणीही असंच केलं असतं. आमच्या गल्लीत निम्म्या घरांचे पासवर्ड निम्म्या घरांना पाठ आहेत.

मग कंपनीनं नवीन डबे पाठवले. जुने काळे होते, हे पांढरे, छोटे, दिसायला गोंडस. शिवानंदनं पहिला डबा आमच्याच घरात, पुढच्या खोलीत बसवला. कनेक्शन माझे सासरे बसप्पा यांच्या नावावर. ते दिवसभर शेतावर असतात, टीव्हीकडं बघतही नाहीत, पण घरातल्या प्रत्येक गोष्टीवर नाव त्यांचंच. वायफायचं नाव आणि पासवर्ड शिवानंदनं जुनाच ठेवला, त्यामुळं घरातले सगळे फोन आपोआप जोडले गेले. आठवडाभर कुणाला काही जाणवलं नाही. निकिता पुढच्या खोलीत सहसा येत नसे. एका संध्याकाळी शिवगंगेला शोधत ती आली आणि भिंतीकडं बघत उभी राहिली.

"दादा, ह्यो डबा कधी बसवला?"

शिवानंदनं कौतुकानं सांगितलं, आठवडा झाला, एकदम नवीन माल आहे.

"आमच्याकडं हेच हुते," ती म्हणाली. "ह्यो कुणीबी विचारलं तरी सांगतो."

ती खाली बसली आणि तिनं जे सांगितलं ते आम्हाला आधी खरंच वाटेना. जाळ्यातल्या प्रत्येक डब्याला एक आकडा असतो. तो आकडा आपल्या फोनवर टाकला की डबा एक पान उघडून दाखवतो. घर कोणाच्या नावावर, गाव कोणतं, वायफायचा पासवर्ड काय आणि आत्ता घरात कोणकोणते फोन जोडलेले आहेत, सगळं त्या पानावर. विचारणारा कोण, हे डबा विचारत नाही. लाइनमनच्या सोयीसाठी म्हणून ते तसं ठेवलेलं. रणधीर संध्याकाळी बाजेवर पडून हा खेळ खेळायचा. पाटलांकडं पाहुणे आलेत, सरपंचाचा पोरगा आज घरी नाही, शेजारणीकडं कुणाचा तरी नवीन फोन दिसतोय. निकिता म्हणाली, तेव्हा तिलाही त्याची गंमत वाटायची.

शिवानंदनं तिथल्या तिथं बघितलं. आमच्या घरात बसून त्यानं गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका डब्याचा आकडा टाकला. पान उघडलं. नाव, गाव, पासवर्ड, फोन. मग त्यानं उमरग्याच्या शिवशरणला फोन केला. शिवशरण तिथला केबलवाला, शिवानंदचा दोस्त. त्याला आमच्या डब्याचा आकडा दिला. शिवशरणनं उमरग्यात बसून आमचं घर आम्हाला वाचून दाखवलं. बसप्पा, मुरुम. खाली फोनांची नावं. शिवानंद. शिवांजली, म्हणजे मी. अव्वाचा जुना फोन. आणि सगळ्यांत शेवटी, इंग्रजी अक्षरांत, रणधीर टू.

लग्नानंतर त्यानं दोन सारखे फोन आणले होते. आपल्या फोनला नाव दिलं रणधीर वन, तिच्या फोनला रणधीर टू. तिनं सिम फेकलं, गाव सोडलं, मंगळसूत्र काढून डबीत ठेवलं. त्या फोनच्या पोटात आपण अजून त्याच्याच नावानं आहोत, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.  निकिता रडली नाही. ती वर गेली आणि पिशवी भरायला लागली.

शिवानंदनं डबा भिंतीवरून ओढून काढला आणि जुना काळा परत लावला. मग कंपनीच्या इंजिनिअरला फोन केला. माणूस सभ्य होता, अहो-जाहो करून बोलला. हो, ही गोष्ट आमच्या कानावर आहे, म्हणाला. नवीन सॉफ्टवेअर येणार आहे, त्यात बंद होईल. तोवर कुठं बोलू नका, उगाच गिऱ्हाइकं घाबरतात. शिवानंदनं सांगितलं, इथं एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, तसं घाबरण्यासारखं काही नाही, डब्यात कुणाला काही बदलता येत नाही, डबा फक्त सांगतो.

फक्त सांगतो! मी फोन हातात घेतला असता तर त्याला मीही फक्त सांगितलंच असतं. शिवानंदनं शेवटचं विचारलं, गेल्या आठवड्यात आमचा डबा कुणी वाचला, ते बघता येईल का. इंजिनिअर म्हणाला, नाही, कोण विचारून गेलं हे डबा लक्षात ठेवत नाही.

निकिताचं म्हणणं होतं की तिनं लगेच निघावं. कुठं, ते तिला माहीत नव्हतं. शिवानंद म्हणाला, जिल्ह्यात एवढी हजारो घरं, तो नेमका आमचाच आकडा कशाला टाकेल. तसं म्हणताना त्याच्या तोंडावर विश्वास दिसत नव्हता. वाद अव्वानंच मिटवला. तिनं निकिताची पिशवी उचलली, गुडघे धरत जिना चढली आणि पिशवी परत वर नेऊन ठेवली. आपल्या घरातून पोर अशी भ्यालेली बाहेर पडली तर मी तोंड कुणाला दाखवू, म्हणाली. निकिता राहिली. फोन मात्र तिनं बंद करून पेटीत टाकला.

त्यानंतर शिवानंदला त्या डब्यांनी झपाटलं. गावातल्या सगळ्या घरांचे डबे बाहेरच्यांसाठी मुके करायचे, असं त्यानं ठरवलं. आमचा एक काढून भागणार नव्हतं, कारण बालवाडीतही तोच डबा होता, शेजारीही तोच होता. ऑफिसातल्या मोठ्या मशीनमध्येच आडकाठी घालायची, म्हणजे मुरुमच्या बाहेरून कुणी काही विचारलं तर प्रश्न आतच येणार नाही. सांगायला सोपं, करायला अवघड. शिवशरण फोनवरून मदत करत होता. दोनदा सगळ्या गावाचं इंटरनेट गेलं आणि मी दोन दुपारी शिव्यांना शिव्या दिल्या. शिवानंद घरोघर जाऊन पासवर्ड बदला म्हणून सांगत होता, तर लोक हसत होते. आमच्या घरात काय लपवायचंय, दार तर उघडंच असतं की, असं म्हणत चहा पाजत होते. शरणप्पानं त्याचा पासवर्ड दुकानाच्या फळीवर खडूनं लिहूनच ठेवला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला सारखं सांगायला नको म्हणून.

ज्या दिवशी काम झालं, तो दिवस मला विसरता येत नाही. दुपार कलली होती. मी आणि शिवानंद ऑफिसात. शिवशरणनं उमरग्याहून आमच्या गावातले बरेच आकडे टाकून पाहिले, एकही डबा बोलला नाही. मग त्याच्या ओळखीच्या माणसानं तेरहून टाकून पाहिले, तिथूनही काही नाही. कित्येक दिवसांनी शिवानंद मोकळा हसला. आता बसू दे बोंबलत, म्हणाला. येताना त्यानं गरम भजी बांधून घेतली, कारण निकिताला कांदाभजी आवडायची.

घरी आलो तर अव्वा पायरीवर बसून पायांवर पाणी घेत होती. नुकतीच कुठून तरी चालून आलेली. डोळे ओले, पण तोंडावर समाधान. निकिता कुठं आहे, मी विचारलं.

"तिची मावशी आली हुती तेरहून," अव्वा म्हणाली. "घिऊन गेली. लई शोधत आली बिचारी. म्या स्टँडपतुर सोडून आले."

माझ्या हातातली भजी मी कुठं ठेवली, आठवत नाही. मी अव्वाच्या समोर बसले आणि विचारलं, मावशीच्या हातांवर कोड होतं का.

"कोड? न्हाय की गं. चांगले सावळे हात. कोपरापतुर बांगड्या."

शिवानंद तसाच गाडीला किक मारून गेला. मग अव्वाकडून मला तुकड्या-तुकड्यानं सगळं कळलं. बाई गल्लीच्या तोंडाशी येऊन शरणप्पाला म्हणाली, केबलवाल्या बसप्पांचं घर कुठं. शरणप्पा तराजू ठेवून उठला आणि तिला आमच्या दारात आणून सोडून गेला. बाईच्या गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू, हातात तुळजापूरचा प्रसाद. तिनं अव्वाला सांगितलं, मी निकिताची मावशी, आईच्या माघारी मीच वाढवली पोरीला, देवीला नवस बोलले तेव्हा कुठं पत्ता लागला. आणि रडली. अव्वाही रडली. मावशीबद्दल अव्वाला आधीच माया. चहा झाला. पोर आमच्यात किती रमलीय, कुठल्या बालवाडीत शिकवते, किती वाजता येते, रात्री झोपेत कशी दचकून उठते, ते सगळं अव्वानं तिला भरभरून सांगितलं.

निकिता बालवाडीतून आली आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकली. ती बाई उठली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि कानाशी काहीतरी बोलली. काय बोलली, ते अव्वाला ऐकू आलं नाही. मला मात्र ते ऐकल्यासारखं माहीत आहे. शिवगंगा तिथंच जमिनीवर पाटी घेऊन बसली होती. निकितानं शिवगंगेकडं पाहिलं, मग त्या बाईच्या पाया पडली. ती वर गेली, अंथरुणाची घडी केली, पिशवी घेऊन खाली आली. चहा घेतला नाही. अव्वा म्हणाली, अशी मोकळी कशी जाशील, थांब. घरातून लेक निघाली की अव्वा तिची ओटी भरते, ती त्याला कानडीत उडी म्हणते. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, खारीक, सगळं तिनं निकिताच्या पदरात घातलं. निकिता रडत होती. घरातून निघताना पोरी रडतातच, असं अव्वाला वाटलं.

मग अव्वा त्यांना सोडायला गेली. स्टँडच्या अलीकडं जीप उभी होती. आत एक तरुण होता, उंच. तोंडाला रुमाल बांधलेला, धुळीसाठी. बाईनं सांगितलं, माझ्या दिराचा पोरगा. तो खाली उतरला, वाकून अव्वाच्या पाया पडला आणि निकिताची पिशवी घेऊन मागं ठेवली. अव्वा त्याला म्हणाली, सांभाळून न्या, माझी पोर नाजूक आहे. जीप दिसेनाशी होईपर्यंत ती तिथं उभी होती.

ती बाई म्हणजे रणधीरची आई, सत्यभामा.

शिवानंद अंधार पडताना परत आला. रस्त्यावर जीप सापडली नव्हती. पोलिसांत आम्ही लगेच कळवलं. तिथल्या माणसानं ऐकून घेतलं आणि विचारलं, सासू सुनेला घेऊन गेली, सून स्वतःच्या पायानं गेली, तुमच्या घरातल्या बाईनं ओटी भरून पाठवली, मग तक्रार नेमकी कशाची लिहायची. मी जे बोलायचं ते बोलले. शिवानंदनं माझा हात धरून मला बाहेर आणलं. महेश्वरीनं धाराशिवला धावपळ केली, वकील गाठला, तेरच्या बाजूला माणूस पाठवला. घरी सगळं ठीक आहे, सून स्वयंपाक करतेय, असा निरोप आला. त्या निरोपावर मी दोन दिवस जगले. खोटं कशाला बोलू, थोडी आशाही धरली होती.

मग महेश्वरीचा फोन आला. निकिता विहिरीत सापडली होती. पाणी भरायला गेली आणि पाय घसरला, असं सासरचे म्हणत होते.

"शिवांजली, त्या घरात नळ आहे," महेश्वरी म्हणाली. "दोन नळ आहेत."

या वेळी पोलीस आले. दोघांना धरलं, माय आणि लेक. केस चालू आहे, पुढं काय होईल ते होईल. एक हवालदार जबाब घ्यायला आमच्याकडं आला, त्यानं शिवानंदला एक फोटो दाखवला. रणधीरच्या फोनात सापडलेला. पांढऱ्या डब्याचं पान होतं ते. बसप्पा, मुरुम. शिवानंद, शिवांजली, अव्वा, रणधीर टू. फोटोची तारीख डबा बसवला त्याच आठवड्यातली. म्हणजे शिवानंद घरोघर फिरत होता, मशीनशी झुंजत होता, लोकांचे चहा पीत होता, तेव्हा रणधीरच्या हातात आमचं घर आधीच पडलेलं होतं. तो फक्त आईला कधी आणि कसं पाठवायचं याचा विचार करत थांबला होता.  हवालदार गेल्यावर शिवानंद मागच्या अंगणात गेला आणि मला त्याचं रडणं स्वयंपाकघरात ऐकू आलं.

अव्वाला कुणी बोल लावला नाही. मला फार वाटायचं लावावा, जिभेच्या टोकावर यायचं, पण तिच्याकडं बघितलं की शब्द परत जायचा. ती जेवायची नाही, पायरीवर बसून राहायची. एक दिवस शिवानंद समोरून जाताना तिनं त्याला थांबवलं.

"तुमी मला गड्याचं सांगितलं हुतं," ती म्हणाली. "बाईचं कुठं सांगितलं हुतं?"

 अव्वाला बसवून सांगणारी तर मीच होते.

शरणप्पाला जबाबासाठी कितीदा तरी बोलावलं गेलं. तू त्या बाईला का आणून सोडलंस, तुला काय मिळालं, तुझी ओळख काय. त्याच्याशेजारच्या शिंप्यालाही बोलावलं, स्टँडवरच्या चहावाल्यालाही. बाईनं घर विचारलं म्हणून दाखवलं, एवढंच सांगून सांगून ते थकले. त्यानंतर आमची गल्ली बदलली. अनोळखी माणूस आला की लोक मान खाली घालतात. शरणप्पानं फळीवरचा पासवर्ड ओल्या फडक्यानं पुसून टाकला. कंपनीचं नवीन सॉफ्टवेअरही आलं म्हणे, आता डबे आधी पासवर्ड मागतात आणि मगच बोलतात.

परवाची गोष्ट. भर दुपारी मी आतल्या खोलीत कपडे घड्या करत होते. बाहेर कुणीतरी बाई हळू आवाजात बोलत होती. निकिता इथंच राहायची ना, पेपरात वाचलं, असं काहीतरी. मग जरा स्पष्ट ऐकू आलं.

"तिची खोली तेवढी बघून जाते, अक्का. बसत न्हाय."

"इथं कुणी राहत नव्हतं," अव्वा दाराआडून म्हणाली. "ठाऊक न्हाय."

बाई पुन्हा काहीतरी म्हणाली. अव्वा पुन्हा तेच म्हणाली, त्याच आवाजात. मी उठून खिडकीशी आले तेव्हा ती बाई पाठमोरी होती, विटक्या हिरव्या लुगड्यातली, खांदे उतरलेली. तिनं पिशवीतून खण आणि नारळ काढला आणि वाकून पायरीवर ठेवला. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे होते.

मी कपडे टाकून धावले. मधलं दार, मग जोत्यावरचं दार, अव्वानं दोन्ही कड्या घातलेल्या. अव्वा माझ्या आड आली, दंडाला धरून म्हणाली, जाऊ नको, कोण हाय काय म्हाईत. तिला बाजूला करून मी रस्त्यावर आले तर गल्ली रिकामी. पुढं रस्ता फुटतो, एक स्टँडकडं, एक मठाकडं. शरणप्पा दुकानात साखर तोलत होता. मी विचारलं, आत्ता एक म्हातारी बाई गेली, हिरव्या लुगड्यातली, कुठल्या बाजूला गेली. शरणप्पानं माझ्याकडं बघितलं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच्याकडं माझं खातं आहे, माझी शिवगंगा त्याच्या मांडीवर खेळली आहे.

"आमी न्हाय बघितलं, वैनी," तो म्हणाला आणि पुन्हा तराजूकडं वळला.

शिंप्याला विचारलं. त्यानं मशीन थांबवलं नाही, नुसती मान हलवली. मी स्टँडपर्यंत पळत गेले. धाराशिवची बस नुकतीच सुटली होती, मागं धूळ तेवढी होती. चहावाल्याला विचारावं म्हणून वळले, तर तो मला पाहून आधीच आत गेला होता.

मी घरी परत आले. खण-नारळ पायरीवर तसाच होता, आणि अव्वानं दार आतून लावून घेतलं होतं.